हात दाखवून रस्ता

आमच्याकडे रस्ता ओलांडायचा म्हणजे हात दाखवायचा. दादरला वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. निम्म्या रस्त्यापर्यंत उजवा हात, कारण गाड्या उजवीकडून येतात. दुभाजक गाठला की पिशवी उजव्या हातात घ्यायची आणि डावा हात वर. हात फार उंच न्यायचा नाही, नाहीतर टॅक्सी थांबते. छातीच्या जरा खाली, पंजा गाडीकडे, बोटं सैल. यातली खरी गोम म्हणजे गाडीवाल्याकडे बघायचं नाही. बघितलंत की तो समजतो तुम्ही घाबरलात, आणि रेस देतो. आई तर कॅडल रोड ओलांडताना आयुष्यभर समोरच्या मेडिकलच्या पाटीकडे बघत चालली. हात आपला बाजूला, जणू दुसऱ्याच कुणाचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा कपाट आवरताना सापडलेला एक फोटो. त्यात मी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उभी आहे. अंगावर पंजाबी ड्रेस, वर जाड जाकीट, पायात बूट. एक पाय पुढे, एक मागे, हात कोपरात वाकवलेले. माझ्या मागे भिंतीवर माझ्याच उंचीचा एक सिग्नलमधला माणूस, अगदी त्याच पवित्र्यात. फोटोच्या मागे माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘चर्च स्ट्रीट, २०१०’. या फोटोने आमच्या घरात एक घोळ घातला होता. तो पुढे सांगते.

२००९ च्या ऑक्टोबरात कंपनीने मला प्रोजेक्टसाठी अमेरिकेत पाठवलं. मी टेस्टिंगवाली. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा, आणि कुठे काय वाकडं आहे ते त्यांना न दुखावता कळवायचं. नवरा आणि लेक इथेच, मी एकटी तिकडे. न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे, जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ खोली घेतली होती. नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर दोन पावलं टाकली की गुजराती किराणा, साड्यांची दुकानं, इडलीवाले, त्यामुळे जेवणाचे हाल नव्हते. हाल होते ते रस्ता ओलांडायचे.

पहिल्याच आठवड्यात मी सवयीने उजवा हात दाखवून, उजवीकडे कान ठेवून रस्त्यात उतरले. आता तिकडे गाड्या येतात डावीकडून. उजवीकडे माझ्या हाताला थांबवायला चिटपाखरू नव्हतं आणि डावीकडून एक मोठी गाडी कचकन ब्रेक मारून माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. आत एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी काच खाली केली, माझा वर राहिलेला हात पाहिला, आणि त्यांनीही हात वर करून मला छान हसून ‘हाय’ केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीही ‘हाय’ केलं. दुसरं करणार काय?

त्यानंतर मी शहाण्यासारखी सिग्नलकडे बघायला लागले. तर तिथे सिग्नलमध्येच हात! चालायचं असेल तेव्हा पांढरा चालणारा माणूस, आणि थांबायचं असेल तेव्हा नारिंगी रंगाचा उघडा पंजा. आम्ही जो हात जन्मभर गाडीवाल्यांना दाखवला, तो इथे खांबावर चढून मलाच दाखवला जात होता. पहिले काही दिवस मला त्याचा रागच यायचा. वाटायचं, माझाच हात काढून घेऊन वर लावलाय. जुनी न्यूयॉर्ककर मंडळी सांगायची, पूर्वी इथे चित्रं नव्हती, ‘वॉक’ आणि ‘डोन्ट वॉक’ अशी अक्षरं लागायची. १९९९ नंतरच्या चार-पाच वर्षांत शहराने ती सगळी उतरवली आणि हा माणूस आणि हा पंजा बसवला. गंमत म्हणजे अक्षरं असोत की चित्रं, खुद्द न्यूयॉर्कमधली माणसं दोन्हींकडे ढुंकून बघत नाहीत. पंजा दिसला की ती मान वळवून गाड्यांचा अंदाज घेतात आणि सुटतात. एवढ्या एका बाबतीत मला तिथे माहेरी आल्यासारखं वाटायचं.

रोज सकाळी पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर. वर आलं की खोदकाम, क्रेन, पत्रे, धूळ. ते सगळं मागे टाकून चर्च स्ट्रीटने उत्तरेकडे, चेंबर्स स्ट्रीटच्या पुढे आमचं ऑफिस. वाटेत बार्कले स्ट्रीट आणि पार्क प्लेस यांच्या मधे एक अख्खी मोकळी जागा होती, ९९ चर्च स्ट्रीट. मूडीज या पतमापन संस्थेचं मुख्यालय तिथे वर्षानुवर्षं होतं. ते पाडून गगनचुंबी हॉटेल उभं राहायचं होतं, पण मंदी आली, पैसे अडकले, आणि काम थंडावलं. दुसऱ्यांची पत मोजणाऱ्यांच्या जागेवर पत नाही म्हणून अडलेलं बांधकाम, हा विनोद आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी नव्याने करायचा. मागे वूलवर्थ बिल्डिंग, पुढे पत्र्यांचं कुंपण. असल्या कुंपणांवर एरवी काय असतं? ‘धोका’, ‘प्रवेश बंद’, आणि बिल्डरचं भविष्यातलं चकचकीत चित्र.

२०१० मध्ये एका सकाळी त्या कुंपणावर माणसं चालत होती.

सिग्नलमधली माणसं. नव्व्याण्णव. एकापाठोपाठ एक, माणसाच्या उंचीची. प्रत्येकाजवळ त्याच्या शहराचं नाव. माया बार्काई नावाच्या मूळच्या इस्रायली, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या कलावतीचं हे काम, ‘वॉकिंग मेन ९९’. जगभरातल्या शहरांतल्या पादचारी सिग्नलांची चित्रं जमवून तिने ती तिथे ओळीने लावली होती. डाउनटाउनची एक संस्था तेव्हा बांधकामांचे पत्रे कलावंतांना द्यायची, त्या उपक्रमातलं हे एक. नव्व्याण्णव का, तर घराचा नंबर नव्व्याण्णव. हे मला फार आवडलं. कलेच्या पाटीवर एरवी कसले कसले जड हेतू लिहिलेले असतात. इथे पत्त्यावरून आकडा ठरला, बस्स.

पहिल्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोहोचले. माझ्या धंद्याचा दोष म्हणा, पण एकच गोष्ट पन्नासदा थोड्या थोड्या फरकाने दिसली की मला पुढे जाता येत नाही. आमचं कामच ते. एकच बटण दहा मशिनींवर, दहा आकारांत बघायचं आणि कुठे रेघ सरकली ते शोधायचं. इथे तर माणूस होता! दोन पाय, दोन हात, एक गोळा डोक्याचा. तेवढ्याच ऐवजात किती तऱ्हा. एकाचं डोकं मानेपासून सुटून हवेत तरंगतंय. एकाला मानच नाही, खांद्यावर थेट वाटोळा लाडू. एक इतका बारीक की उपासाचा दिवस असावा. एकाची ढांग एवढी लांब, की त्याची गाडी सुटत असणार. कुणी दिव्याच्या ठिपक्यांनी बनलेला, लांबून माणूस आणि जवळून नुसती टिकल्यांची रांगोळी.

आणि उंची. सिग्नलमधला माणूस आपण नेहमी वर बघतो. तळहाताएवढा, खांबावर, काचेआड. त्याच्याशी आपलं नातं हुकमाचं. तो चाल म्हणाला की चालायचं. तोच खाली उतरून फुटपाथवर, खांद्याला खांदा लावून उभा राहिला की तो हुकूम सोडत नाही, आपल्यासारखाच कुठेतरी निघालेला असतो. मी रोज त्या कुंपणाकडेने जायचे तेव्हा त्यांच्याबरोबर चालतेय असंच वाटायचं. एकटीने राहत होते, त्यामुळे जरा जास्तच वाटत असेल. कबूल.

लोक थांबायचे. एखादी शाळेची सहल आली की पोरं प्रत्येक माणसासमोर त्याच्यासारखं उभं राहून दाखवायची. कोटवाले बँकर इकडे तिकडे बघून, कुणी नाही असं पाहून, पटकन एक पाय उचलायचे. पर्यटक आपापलं शहर शोधायचे. मी मुंबई शोधत बसले नाही. मुंबईत आमच्या वेळी सिग्नलमधल्या माणसाकडे बघून रस्ता ओलांडलाय कुणी? आमचं चित्र काढायचंच तर माणूस नको, तो हात काढायला हवा होता. अधांतरी, पिशवी लटकलेला.

तिथेच माझा तो फोटो काढला टीममधल्या एका मुलीने. ‘पोज दे,’ म्हणाली. मी दिली. नेमकं त्या माणसाच्या शहराचं नाव माझ्या खांद्याआड गेलं, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

फोटो मी ईमेलने भावाला पाठवला. त्याने स्टुडिओतून प्रिंट काढून आईला दिला, आणि मी मेलमध्ये लिहिलेलं ‘चर्च स्ट्रीट’ तिला वाचून दाखवलं. आईने तो काचेच्या कपाटात लावला. पुढच्या महिन्यात फोनवर शेजारच्या काकू मला म्हणतात, ‘अगं आलीस कधी? भेटली पण नाहीस!’ मला कळेना. मग उलगडा झाला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवून सांगत होती, ‘ही आमची धाकटी, माहीमच्या चर्चपाशी.’ चर्च म्हटलं की तिच्यासाठी एकच, माहीमचं सेंट मायकल, जिथे बुधवारी नोव्हेनाची गर्दी होते आणि बस अडते. ‘आई, ते न्यूयॉर्क आहे,’ मी फोनवर ओरडले. ‘असेल,’ आई म्हणाली. ‘पण सिग्नल आपलाच आहे की.’

सुटीवर आले तेव्हा फोटोच्या मागे मीच पेनने ‘चर्च स्ट्रीट, २०१०’ लिहिलं. म्हणजे घोळ निस्तरण्याऐवजी पक्का केला. मागच्या बारा-पंधरा वर्षांत त्या माणसाचं गाव कुठलं यावर घरात बरेच तर्क झाले. नवरा म्हणतो टोकियो, का तर शिस्तीत चालतोय. भाऊ म्हणतो रशियाच. कुणालाही विचारा, ज्याला जे शहर ऐकून-वाचून ठाऊक तेच त्याला दिसतं. नाव झाकलं की तो कुठलाही होतो.

हा सारखेपणा आकाशातून पडलेला नाही बरं का. १९६८ मध्ये व्हिएन्नात रस्त्यावरच्या चिन्हांचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात पादचाऱ्यांसाठी हिरवा चालणारा आणि लाल उभा असं ठरलं. तो माणूस रेखायचा कसा, जाडा की बारीक, टोपी की बिनटोपी, हे ज्याचं त्याने बघायचं. अमेरिका त्या करारात गेली नाही, म्हणून त्यांचा पंजा वेगळा राहिला. कुंपणावरच्या सगळ्या माणसांमागे अशा कुठल्या कुठल्या बैठका आहेत, चहा पिऊन, फायली सरकवून झालेल्या. जगातली माणसं एक आहेत वगैरे भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि ऐकताना मला झोप येते. पण शंभर ठिकाणच्या अभियंत्यांनी ‘माणूस चालतोय’ एवढंच काढायला घेतलं आणि सगळ्यांनी डावा-उजवा पाय फाकवूनच तो काढला, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटतं.

टोपीवाल्याची ओळख नंतर झाली. लेक बर्लिनला शिकायला गेली आणि २०१८ मध्ये मी तिच्याकडे महिनाभर राहिले. तिथला सिग्नलमधला माणूस जगात सगळ्यात प्रसिद्ध असावा. बुटका, पोट सुटलेला, मोठ्ठी हॅट घातलेला. हिरवा तरातरा निघालेला, लाल दोन्ही हात पसरून उभा, दारात आडवा आलेल्या मामासारखा. १९६१ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाऊ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने तो मांडला. भिंत बांधली त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी. माणूस जाडा का, तर उजेडाला जागा जास्त मिळते आणि म्हाताऱ्यांना, मुलांना लांबून दिसतो. भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाले, आणि नव्या राज्यात पश्चिमेकडचा सडपातळ माणूस सगळीकडे लावायला घेतला. पूर्वेकडच्या लोकांनी कारखाने गेले, नोकऱ्या गेल्या, सगळं सोसलं, पण टोपीवाला काढायला लागले तेव्हा ते उठले. १९९६ मध्ये मार्कुस हेकहाउझेन नावाच्या डिझायनरने उतरवलेल्या काचा गोळा करून त्यांचे दिवे बनवले. तो मूळचा पश्चिमेकडचा, हे विशेष. टोपीवाला वाचला, आणि आता पश्चिम बर्लिनमधल्या चौकांतही तोच दिसतो. त्याच्या नावाने कॉफीचे मग, टी-शर्ट, बिस्किटांचे साचे, सगळं मिळतं. मी साचा आणला. त्यात नानकटाई बरी होत नाही, टोपी तुटते.

तिथे एकदा रात्री साडेनऊला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, मी लाल टोपीवाल्याकडे दुर्लक्ष करून निघाले. लेकीने दंड धरला. ‘आई, नको.’ ‘अगं कुणी नाहीये.’ पलीकडे एक आजी उभ्या होत्या, नातवाचा हात धरून. त्यांनी मला जर्मनमध्ये जे सुनावलं त्यातला एक शब्दही मला कळला नाही, पण सूर शंभर टक्के कळला. लेकीने नंतर भाषांतर केलं, ‘लहान मुलं बघतायत, असं म्हणाल्या.’ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या माझ्या आजीचंही हेच वाक्य होतं. फक्त ती ते शिट्टी मारणाऱ्या पोरांना म्हणायची.

त्या मुक्कामात मला नादच लागला. लेक रोज एक नवा सिग्नल मोबाइलवर दाखवायची. तैपेईत १९९९ पासून हिरवा माणूस खराखुरा चालतो, आणि वेळ संपत आली की पळत सुटतो. व्हिएन्नात २०१५ मध्ये युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या वेळी एकट्या माणसाऐवजी जोड्या लावल्या, त्यांत दोन बायकांची आणि दोन पुरुषांचीही, मध्ये बदाम. जर्मनीतल्याच फ्रिडबर्गला गायक एल्विस प्रेस्ली नाचतो, कारण तो सैन्यात असताना तिथे होता. ट्रीअरला कार्ल मार्क्स उभा आहे, कारण तो तिथलाच. मार्क्स लाल दिव्यातही आहे आणि हिरव्यातही. हे बघून माझा डाव्या विचारांचा दीर दुखावला. त्सविकाऊत २००४ पासून वेण्यांची मुलगी आहे. मला एल्विस-मार्क्स वगैरे फारसे रुचले नाहीत, खरं सांगायचं तर. गावाची जाहिरात म्हणून ठीक. पण नाव असलेला माणूस सिग्नलमध्ये बसला की मी त्याच्याकडे बघते, त्याच्यामागून चालत नाही. बार्काईच्या कुंपणावरची माणसं बिनचेहऱ्याची होती म्हणून तर त्या बँकरलाही पाय उचलावासा वाटला.

मग २०२०. लॉकडाउन जरा सैल झाला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला आदित्य ठाकरे यांनी, तेव्हा ते मंत्री होते, एक फोटो टाकला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फिरायला लागला. दादर-माहीमच्या सिग्नलांवर महापालिकेने बाईचं चित्र लावलं होतं. भारतात पहिल्यांदा म्हणे. मी मास्क चढवून मुद्दाम कॅडल रोडवर बघायला गेले. होती खरी. हिरवी, चालणारी, आणि कमरेखाली त्रिकोण. फ्रॉक.

मला दोन्ही वाटलं. बरं वाटलं, कारण न्यूयॉर्कच्या त्या अख्ख्या कुंपणाचं नाव ‘चालणारे पुरुष’ होतं आणि ते नाव कुणाला खटकल्याचं तेव्हा मी ऐकलं नाही, माझ्यासकट. आणि जरा हसूही आलं. शिवाजी पार्कला संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आणा. पंजाबी ड्रेस, ट्रॅकपँट, पाचवारी आणि खाली स्पोर्ट्स शूज. फ्रॉक घातलेली बाई मला तिथे शेवटची कधी दिसली, आठवत नाही. हा फ्रॉक आला तो विमानतळाच्या आणि मॉलच्या स्वच्छतागृहाच्या दारावरून. जगभर बाई म्हणजे त्रिकोण.

आमची स्वतःची बाई होती की, लोकलच्या डब्यावर. डोक्यावर पदर घेतलेली, वर्तुळात. कॉलेजच्या पहिल्या दिवशी आईने बजावलं होतं, ‘पदरवाल्या बाईचा डबा बघ आणि त्यातच चढ.’ आत त्या पदरवालीसारखी एकही नसायची. आत असायच्या भाजी निवडणाऱ्या, चौथ्या सीटसाठी कोपर मारणाऱ्या, डबा लागल्याबरोबर ‘चला, चला, आत चला’ करणाऱ्या. काही वर्षांपूर्वी पश्चिम रेल्वेने ते चित्र बदलून नोकरदार दिसणारी बाई काढली. योग्यच केलं असणार. तरी मला चुटपुट लागली. पदर आम्ही डोक्यावर घेत नव्हतो, पण त्या चित्राखाली उभं राहून मोठ्या झालो होतो.

फ्रॉकवर शेवटचा शब्द मात्र आमच्या कोळीण मावशींचा. माहीमच्या कोळीवाड्यातून येतात. लॉकडाउनमध्ये बाजार बंद होता तेव्हा दारोदार यायच्या, तेव्हापासूनची ओळख. २०२१ च्या जानेवारीत शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावर सिग्नलला भेटल्या. डोक्यावर टोपली, नऊवारीचा काष्टा घट्ट, मास्क हनुवटीवर. लाल दिवा होता. मी थांबले म्हणून त्याही थांबल्या, पण मनापासून नाही.

‘ही कोन, ताई?’ हनुवटीने वर दाखवत त्यांनी विचारलं.

‘बाई आहे ती, मावशी. आता सिग्नलवर बाई लावलीय.’

त्यांनी टोपली सावरली, डोळे बारीक केले. ‘बाई? शाळेतली पोर हाय ती.’ मग थोडं थांबून, ‘आनि आधी होता तो कोन होता?’

‘तो पुरुष.’

‘कोन बोलला पुरुस?’ मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मला एवढं इंग्रजी शिकून काही कळत नाही. ‘पाय बघितलं व्हतं का त्याचं? दोन पाय येगळं, ढांग टाकून. फ्रॉकात अशी ढांग पडती का? काष्ट्यात पडती. मला वाटायचं, आमचीच कुनीतरी लावलीया.’

मी खाली बघितलं. काष्टा मारलेल्या पायांच्या दोन वेगळ्या बाकदार रेघा, पोटऱ्यांपर्यंत उघड्या, एक पाय पुढे, एक मागे. वर अंगाशी घट्ट पोलकं. टोपली काढून ठेवली तर डोक्याचा गोल अंबाडा. माझ्या फोटोतल्या माणसाच्या बाह्यरेषेशी ताडून बघायला घेतलं तर मला एकही बग सापडेना. इतकी वर्षं टेस्टिंग केलं, नव्व्याण्णव जण दोन महिने रोज तपासले, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं.

दिवा हिरवा झाला. फ्रॉकवाली चालायला लागली. गाड्या थांबलेल्या होत्या, एक टॅक्सी तेवढी झेब्रावर नाक खुपसून उभी. मावशींनी हिरव्या दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा हात टॅक्सीकडे, पंजा उघडा, बोटं सैल, नजर समोरच्या मेडिकलच्या पाटीवर. टॅक्सीने नाक मागे घेतलं. मी त्यांच्या मागोमाग.

पलीकडे पोहोचेपर्यंत सुरमईचा भाव विचारायचा राहूनच गेला.